शेजारच्या सीटचा ब्रेक

सोमवार, १ एप्रिल

आज मी कोच लावला. घरात सांगितलं तर नवरोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कशाचा? बॅडमिंटनचा?" पन्नाशी उलटलेली बायको उद्या बॅडमिंटन खेळायला लागली तरी त्यांना नवल वाटणार नाही. बायको कुणाचं तरी ऐकायला निघाली आहे, याचं मात्र वाटलं. मी समजावून सांगितलं की ही पर्सनल कोच असते, माणसाला जिथे पोचायचंय तिथे पोचायला मदत करते. त्यावर म्हणाले, "तुला पोचण्यापासून कुणी अडवलंय?"

खरी गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण कोचला सगळीच सांगायला हवी असं काही नाही. धाकटीला, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीला, एका बस कंपनीने बोलावलं आहे. दुसऱ्या शहरात त्यांचं चालकांना शिकवायचं केंद्र आहे, तिथे मुख्य म्हणून. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. दूध संपलंय असं सांगावं तशा आवाजात तिने मला हे सांगितलं. कॉलेज संपल्यापासून ती माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे. मीच तिला स्टिअरिंग धरायला शिकवलं, मीच शिकवायला शिकवलं. ती गेली तर माझा उजवा हातच गेला.

पण मी हातपाय गाळून बसणाऱ्यातली नाही. नदीपलीकडे, इस्पितळाजवळ दुसरी शाखा काढायची आणि ती धाकटीकडे सोपवायची. मोठा हुद्दा इथेच मिळाला तर ती कशाला जाईल? तिला सांगितलं तर म्हणाली, "बघते, ताई." हे 'बघते' मला आवडलं नाही. शाखेचं काम झपाट्याने हलावं म्हणून कोच. नंबर आमच्या दंतवैद्यांनी दिला. ते माझेच विद्यार्थी. परीक्षेत दोनदा नापास झाले होते, मग मी तापाने पडले तेव्हा थोडे दिवस धाकटीकडे गेले आणि पास झाले. पाया माझा होता, हिने फक्त शेवटचा हात फिरवला.

गुरुवार, ४ एप्रिल

पहिली बैठक. स्टेशनरीच्या दुकानावर एक खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि खिडकीत वाळत घातलेली ओढणी. भिंतीवर एकही प्रमाणपत्र नाही. कोचबाई माझ्याहून लहान, किडकिडीत, सायकलवरून येतात. गाडी येत नाही म्हणाल्या. जिला क्लच कशाशी खातात ते माहीत नाही ती मला रस्ता दाखवणार, म्हणजे कमालच आहे. पण मी मोठ्या मनाने काही बोलले नाही.

मी तयारीने गेले होते. जागा, दोन नव्या गाड्या, पाट्या, जाहिरात, सगळं घडाघडा मांडलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आज इथून जाताना तुमच्या हातात काय असलेलं आवडेल?"

"तुमचा सल्ला," मी म्हटलं.

"तो माझ्याकडे बहुधा नसेल. तुमचं तुम्हाला काय अडतंय ते मात्र आपण शोधू शकतो."

अडत काहीच नाही, असं सांगून मी पुन्हा गाड्यांवर आले. जवळजवळ सगळा वेळ मीच बोलले. एखादी सेवा घ्यायची तर पुरेपूर घ्यावी, अर्धवट काम मला खपत नाही.

शनिवार, ६ एप्रिल

कोचबाईंची युक्ती माझ्या लक्षात आली आहे. उत्तर द्यायचं नाही, उलट प्रश्न टाकायचा. एवढंच असेल तर मलाही जमेल. सकाळी नवरोबा घरभर काहीतरी शोधत होते. मी शांतपणे विचारलं, "यातून तुम्हाला नक्की काय साधायचंय?"

"चष्मा," ते म्हणाले. मुलांना गणित शिकवून शिकवून माणसाला कल्पनाशक्ती राहत नाही.

मग ऑफिसात धाकटीला गाठलं. ती गाडीच्या काचा पुसत होती. "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

"आत्ता तरी चौकात. माझा क्लास आहे, ताई."

"मी सांगू कुठे? नव्या शाखेत, स्वतःच्या केबिनमध्ये. केबिनला निळे पडदे लावू. तुला निळा आवडतो."

"मला हिरवा आवडतो," ती म्हणाली आणि गाडीत बसली. लहानपणापासून मी तिचे फ्रॉक निळे आणत आले, तेव्हा कधी बोलली नाही. आता एकदम हिरवा.

गुरुवार, ११ एप्रिल

दुसरी बैठक चांगली झाली. कोचबाईंनी विचारलं की तुमच्या कामात तुम्ही सगळ्यात उत्तम काय करता. असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी त्यांना शेजारच्या सीटचा ब्रेक समजावून सांगितला. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. माझा पाय कायम त्याच्यावर तरंगत असतो. समोर धोका दिसला की शिकणाऱ्याच्या आधी मी हलकासा दाबते. धक्का नाही, आवाज नाही. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही.

"शिकणाऱ्याला कळतं का, ब्रेक कुणी दाबला ते?"

"कळू नये हीच तर कला आहे. त्याला वाटतं त्यानेच दाबला. त्याचा आत्मविश्वास वाढतो."

कोचबाईंनी वहीत काहीतरी लिहून खाली रेघ मारली. माझं म्हणणं त्यांना चांगलंच पटलेलं दिसलं. निघताना त्या म्हणाल्या की पुढच्या वेळेपर्यंत एकच करा, गाडीत तुमचा पाय किती वेळा खाली जातो तेवढं पाहा. सोपा गृहपाठ दिला, ठीक आहे. बाईंना गाडीविषयी कुतूहल वाटू लागलंय.

मंगळवार, १६ एप्रिल

परीक्षेचा दिवस. धाकटीचे दोघेही पास. माझे दोघेही नापास. परीक्षकाचं माझ्याशी काय वाकडं आहे ते देव जाणे. त्यातला एक शिंपी, त्याने तर क्रॉसिंगवर ब्रेकच उशिरा मारला, समोर बाई आणि बाबागाडी. इतकं घोटून घेतलेलं. माझ्याबरोबर असताना त्याच्याकडून ही चूक एकदाही झाली नव्हती. बाहेर आला तेव्हा पांढराफटक. म्हणाला, "मॅडम, तुमच्याबरोबर गाडी आपोआप थांबते हो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून धीर दिला.

गृहपाठाला वेळ मिळाला नाही. पाय कसला बघायचा, तो आपल्या जागी असतो.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज एक काम केलं. बस कंपनीच्या त्या केंद्रात फोन लावला. चौकशी करायला, दुसरं काही नाही. मोठी बहीण आहे, एवढा हक्क आहे माझा. तिथले साहेब बोलायला चांगले होते. राहायची सोय काय, कामाच्या वेळा काय, असं विचारलं. बोलता बोलता सहज म्हटलं की तिला एकटं राहायची सवय नाही, मनाने जरा हळवी आहे, मोठ्या जबाबदारीला थोडी बिचकते. खोटं काही बोलले नाही. पाचवीत असताना ती शाळेच्या सहलीत रडली होती.

साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." फोन ठेवल्यावर चहा घेतला. मनावरचं ओझं उतरलं. आता त्यांनीच मागे पाऊल घेतलं तर धाकटीला निवडीचा त्रासच नको.

गुरुवार, २५ एप्रिल

आता या बाईकडे पाऊल टाकणार नाही.

आज बोलता बोलता कोचबाईंनी विचारलं की शाखा चालवणार कोण. धाकटी, मी सांगितलं. तिला हवी आहे का, असं विचारलं. मग मला थोडं फोड करून सांगावं लागलं, बस कंपनीचं, आणि आपण कसा वेळेवर फोन केला तेही. मला वाटलं, पुढाकार घेतल्याबद्दल चार शब्द चांगले बोलतील. त्या पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "हा ब्रेक तिला कळला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मी तिला वाढवलंय. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या फिया मी भरल्या. तुम्हाला साधी गाडी चालवता येत नाही आणि मला ब्रेक शिकवता?"

"मी शिकवत नाहीये. विचारतेय."

मी पर्स उचलली आणि वेळ संपायच्या आधीच खाली आले. स्टेशनरीवाल्याने हसून काय हवं म्हणून विचारलं, तर त्याच्यावरही खेकसले.

रविवार, २८ एप्रिल

कोचबाईंचा फोन नाही. माफी मागायला तरी करायला हवा होता. धाकटीही आठवडाभर तोंडापुरतं बोलते आहे. नमस्कार, चावी, क्लास, चावी, येते. तिला बरं नाही का विचारलं तर बरं आहे म्हणते. कंपनीचं काय झालं विचारायचा धीर होत नाही, आणि धीर होत नाही असं मला आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दुपारी भाजी निवडताना सगळं नवरोबांना सांगितलं. बाई कशी उद्धट आहे, पैसे कसे पाण्यात गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "धाकटी निघाली आहे आणि तुझी झोप उडाली आहे, हे तू त्यांना पहिल्या दिवशी सांगितलंस?"

"ती घरातली गोष्ट आहे."

"म्हणजे अर्धंच उदाहरण फळ्यावर लिहिलंस आणि उत्तर येत नाही म्हणून मास्तरांना नावं ठेवतेस." शेंगेचा दोरा काढत ते पुढे म्हणाले, "आणि तो फोन. तू माझ्या हेडमास्तरांना असा केला असतास तर मी महिनाभर जेवलो नसतो तुझ्या हातचं."

एवढं लांब वाक्य ते सहसा बोलत नाहीत. मी उठून गॅस बंद केला. भाजी तशीच राहिली.

सोमवार, २९ एप्रिल

मीच फोन केला. कोचबाईंनी संध्याकाळची वेळ दिली. मागच्या वेळचा विषयही काढला नाही. "आज काय बोलू या?" एवढंच.

आज मी गाड्या, पाट्या, जाहिरात काही काढलं नाही. मला दुसरी शाखा नकोच आहे, असं माझ्या तोंडून निघालं आणि मीच दचकले. मला धाकटी हवी आहे. सकाळी शटर वर करताना दुसऱ्या बाजूला तिचा हात हवा आहे. ती गेली तर शाळा चालेल, मी सहज दुसरं माणूस शिकवून तयार करीन, पण मला करमणार नाही. आणि तिला जाऊ नको म्हणायची मला लाज वाटते, कारण तिला तिथे मान मिळणार आहे, जो माझ्याकडे कधी मिळाला नाही. एवढं बोलून मी रडले. नवरोबांची आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

डोळे पुसून झाल्यावर म्हटलं, "आता सांगा, काय करू?"

"हे तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला सांगून काय होणार?"

मी म्हटलं की तिच्याशी कसं बोलावं ते तरी सांगा, शब्द द्या. म्हणाल्या, शब्द तुमच्याकडे आहेत, मी आत्ताच ऐकले. मग विचारलं, "ती शिकवते कशी, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

मला आठवेना. ती तिच्या गाडीत, मी माझ्या. शिकवून झाल्यावर कसं शिकवायला हवं होतं ते मी तिला सांगते, पण पाहिलं कधीच नाही. उद्या मागच्या सीटवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे मी स्वतःच ठरवलं. कोचबाईंनी सुचवलेलं नाही, याची इथे नोंद असावी.

मंगळवार, ३० एप्रिल

धाकटीला मागे बसू का विचारलं. ती बघतच राहिली. "तपासायला?"

"नाही. बघायला." तिने मागचं दार उघडून दिलं.

शिकणारी एक नर्स होती. रात्रपाळी करून आलेली. पहिल्या वळणालाच दुसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आणि मग माझं लक्ष धाकटीच्या पायांकडे गेलं. तिने दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले होते, चपला सोडून. ब्रेकजवळसुद्धा नाहीत. मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

बाजाराच्या रस्त्यावर समोरचा एक टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येऊ लागला. मला तो किती आधी दिसला. माझ्या पायाने मागच्या सीटवरून गाडीची चटई इतक्या जोरात दाबली की पोटरीत गोळा आला. धाकटीचा पाय पुढे सरकला, ब्रेकच्या वर आला आणि तिथेच थांबला. दाबला नाही. नर्सने करकचून ब्रेक मारला. गाडी हिसका देऊन बंद पडली, टेम्पो वीतभर पुढे. टेम्पोवाल्याने ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

"कधी दिसला तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"उशिरा," नर्स म्हणाली. "तो मागचा पांढरा दिवा लागला होता ना, तेव्हाच दिसायला हवा होता."

"हो. चला, सुरू करा."

बस, एवढंच. मी असते तर गाडी बाजूला घ्यायला लावून त्या दिव्यावर व्याख्यान दिलं असतं. मुळात मी असते तर तो दिवा नर्सच्या लक्षातच आला नसता. पुढच्या गल्लीत रिक्षा मागे येऊ लागली, तर नर्सने लांबूनच वेग कमी केला. स्वतःच्या पायाने. माझा शिंपी डोळ्यांसमोर आला. त्याला मी नापास केलं. परीक्षकाने नाही, मी. थांबायचं काम त्याच्याऐवजी मी करत राहिले आणि तो बिचारा मला दुवा देत राहिला.

नर्सला घरापाशी सोडलं. धाकटी स्टिअरिंगवर बसली, मी पुढे तिच्या शेजारी आले. गाडी चालू करायच्या आधीच सांगून टाकलं, "मी त्या कंपनीत फोन केला होता. तू बिचकतेस असं मी सांगितलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला विचारलं. तुमची बहीण नेहमी असंच करते का म्हणून." ती समोर बघत होती. "मी वाट बघत होते, तू आपणहून सांगतेस का. नसतं सांगितलंस तर आज संध्याकाळी मी त्यांना हो म्हणणार होते."

म्हणजे त्यांनी नकार दिलेलाच नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं. मला तू जायला नको होतीस, ते सांगता येईना म्हणून हे उद्योग केले." मग काल कोचबाईंना सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. शटरचं सांगताना आवाज गेला. ती माझ्याकडे वळली, पण डोळे पुसायला रुमाल दिला नाही, माझाच मला शोधू दिला.

"मी राहते," ती म्हणाली. "पण मला नवी शाखा नको. तिथे तू रोज येशील. पडदे बदलशील."

"मग काय हवंय?"

"जुनी. ही आपली. मला दे आणि नदीपलीकडे तू जा. नवं उभं करायला तुझ्यासारखं माणूस नाही, ताई, आणि एकदा तिथे गुंतलीस की इथे लुडबुड करायला तुला सवड होणार नाही. मी बोलावल्याशिवाय इकडे यायचं नाही."

माझी शाळा. भाड्याच्या खोलीत फुटक्या टेबलावर सुरू केलेली. पाटीवरचं अक्षर माझं आहे. मला वाटलं, ही मस्करी करते आहे. ती करत नव्हती. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

"संध्याकाळपर्यंत," धाकटी म्हणाली आणि गाडी सुरू केली. ही कुठे बिचकते जबाबदारीला?

त्याच दिवशी, संध्याकाळ

हो म्हटलं. कोचबाईंना न विचारता. नवरोबांना विचारलं, ते म्हणाले, "तू मला विचारतेस?" आणि चष्मा काढून पुसायला लागले.

सोमवार, १० जून

महिनाभर लिहायला फुरसत नव्हती. रंग, वीज, परवाने, पाटी. धाकटी म्हणाली ते खरं आहे, नवं उभं करायला मी वाघीण आहे. विद्यार्थी यायला लागले. पहिला एक निवृत्त पोस्टमास्तर. मी शेजारी बसते तेव्हा पाय मागे ओढून घेते. रोज जमत नाही. काल दोनदा दाबला, पण दोन्ही वेळा त्यांना सांगितलं की हा मी दाबला, तुम्ही नाही. आजोबा रागावले. रागावू देत. शिंपीही इकडे आला आहे. पुढच्या परीक्षेला बसवते आहे.

कोचबाईंकडे आता महिन्यातून एकदा जाते. बढाया नेत नाही, अडलेलं नेते. मागच्या वेळी विचारलं की जुन्या शाळेवरून जाताना मी मान वळवून बघते, ते कसं सोडू. त्यांनी विचारलं, सोडायलाच हवं का? त्यावर अजून विचार चालू आहे.

आज सकाळी शटर एकटीने वर केलं. ते जड नाही, एका हातानेही जातं. तरी वर गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. मग फोन काढून धाकटीला लावला. गेल्या महिन्याभरात मी तिला एकदाही फोन केला नव्हता, ती घरी येते तेव्हाच बोलतो. तिने घाईने उचलला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. मला तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली आणि एका अनोळखी बाप्याचा खाकरलेला आवाज. "मॅडम, गाडी बाजूला घेऊ का?"

"नको, चालू द्या," धाकटी म्हणाली. मग अगदी फोनजवळ येऊन, "स्पीकरवर आहेस गं तू." आणि मग आणखी हळू, नाक ओढत, "मलाही नाही करमत. ठेवते आता, पुढे चौक आहे."